आठ पेडल आणि एक घूं

लिफ्टमनला कुणी लिफ्टमन म्हटलेलं खपत नसे. लिफ्टमन म्हणजे स्टुलावर बसून मजल्याचं बटण दाबणारा. हा लिफ्टा दुरुस्त करणारा मेकॅनिक, तोही बावीस वर्षांचा अनुभवी. पण बँडमधल्या लोकांनी एकदा नाव ठेवलं की ते बारशाच्या नावापेक्षा घट्ट बसतं, आणि चिडणाऱ्याला तर जास्तच घट्ट. हा चिडायचा. गेले तीन महिने तर तो सगळ्यांवरच चिडत होता, आणि त्याचं कारण होतं एक घूं.

घूं म्हणजे घूंच. त्याला दुसरा शब्द नाही. गिटारची वायर पेडलांच्या बोर्डात खोचायची, बोर्डाची वायर अँपमध्ये, म्हणजे अँप्लिफायरमध्ये, खोचायची, अँप चालू करायचा, आणि अजून एकाही तारेला हात लावलेला नसताना स्पीकरमधून तो सुरू व्हायचा. जाड, चिवट, एकसुरी. आवाज वाढवला की तो वाढायचा, गिटार थांबली की तो मागे उरायचा. पाहुणे उठून गेले तरी एखादा कसा चहाची वाट बघत बसून राहतो, तसा.

बोर्डावर आठ पेडल होते. पेडल म्हणजे काय हे त्याच्या बायकोने एकदा मैत्रिणीला समजावून सांगितलं होतं. "साबणाच्या डबीएवढा लोखंडी डबा, वर एक बटण. पायाने दाबायचं. दाबलं की गिटारचा आवाज बिघडतो आणि ह्यांना बरं वाटतं." त्याला हे फार लागलं होतं, कारण त्यातलं फारसं काही खोटं नव्हतं. एक पेडल सूर लावायला, एक आवाज सारखा करायला, दोन आवाज खरखरीत करायला, एक पातळ लहरी सोडायला, एक प्रतिध्वनी द्यायला, एक मोठ्या खोलीत वाजवल्याचा भास करायला. आणि शेवटचा, आठवा, त्याचा सगळ्यांत लाडका. तो दाबून वाजवायला लागलं की वाजवलेलं ऐकून ठेवतो, पुन्हा दाबला की तेच पहिल्यापासून वाजवतो आणि थांबेपर्यंत वाजवतच राहतो. मग त्यावर आपण दुसरी ओळ वाजवायची, तिच्यावर तिसरी. एकटा माणूस चार माणसांसारखा वाजतो.

ह्या आठव्या पेडलावर त्याने एक चाल केली होती. चार मिनिटांची, शब्द नसलेली. लिफ्टा दुसऱ्यांच्या, बँडची गाणी दुसऱ्यांची. स्वतःची म्हणावी अशी त्याच्याकडे ती चार मिनिटं होती. पुढच्या रविवारी दुपारी चार वाजता ग्रंथालयाच्या सभागृहात बँडचा कार्यक्रम होता. अकरा गाणी, आणि मधोमध ही चाल. पत्रिकेत छापलंही होतं. आणि ऐन वेळी हा घूं त्याच्या मानगुटीवर बसला होता.

*

बँडची तालीम दर शनिवारी दुपारी ड्रमवाल्याच्या गोदामात व्हायची. ड्रमवाल्याचं गाद्यांचं दुकान, मागे गोदाम. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्यांच्या थप्प्या छतापर्यंत लागलेल्या, त्यामुळे आतला आवाज बाहेर जात नसे आणि बाहेरचा वारा आत येत नसे. ड्रमवाला डबल आणि सिंगलच्या थप्प्यांच्या मध्ये बसून वाजवायचा. बोलायचा महिन्यातून दोनदा.

गाणारी बाई दातांची डॉक्टर होती आणि बँडचं तिच्यावाचून पान हलत नसे. सगळे तिला डॉक्टरच म्हणायचे. कीबोर्डवर लिफ्टमनचा मेहुणा, म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. शाळेत गणित शिकवायचा आणि वाजवतानाही उत्तर बरोबर आल्यासारखा हसायचा. लिफ्टमनला ते हसू मुळीच आवडत नसे.

त्या शनिवारी पाच गाणी झाली, चालीची पाळी आली आणि लिफ्टमन नेहमीप्रमाणे बोर्डासमोर गुडघे टेकून बसला. तीन महिने हेच चाललं होतं. चालीची पाळी आली की तो गुडघ्यावर. ही वायर काढ, ती खोच, हा डबा बंद कर, तो चालू कर. वीस मिनिटं गेली की डॉक्टर म्हणायची, "बरं, पुढचं गाणं," आणि तो म्हणायचा, "घूं गेला की घेऊच."

आज डॉक्टर तसं म्हणाली नाही.

"हे बघ," ती म्हणाली, "मी दिवसाचे सात तास लोकांचे दात कोरते. कानात तेच मशीन घेऊन घरी जाते. शनिवारी इथे येते ती दुसरं काहीतरी ऐकायला. आणि इथे पुन्हा तेच."

"तुझ्या मशीनचा सूर वरचा असतो. हा खालचा आहे."

"सूर मलाही कळतात. बंद कर तो."

"कसा बंद करू? माझ्याकडून येतच नाहीये तो." लिफ्टमन उठला आणि त्याने मेहुण्याच्या पायाशी पडलेल्या काळ्या अ‍ॅडॉप्टरकडे बोट दाखवलं. "तो बघ. विटेएवढा अ‍ॅडॉप्टर. मूळचाही नाही, बाजारातून उचलून आणलेला. तो विजेत घाण सोडतो आणि ती माझ्या बोर्डात येते."

मेहुण्याने अ‍ॅडॉप्टर काढला. घूंऽऽ.

"वायर पण काढ," लिफ्टमन म्हणाला.

मेहुण्याने कीबोर्डच्या सगळ्या वायरी काढल्या. घूंऽऽ. मग त्याने कीबोर्डच उचलला, काखेत मारला, गाद्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत दुकान ओलांडलं आणि तो सरळ रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

"आता?" तो तिकडून ओरडला.

घूंऽऽऽ.

"अजून लांब पाठवायचा का?" ड्रमवाल्याने विचारलं. "बसस्टॉपपर्यंत?"

महिन्यातलं एक वाक्य त्याने ह्यावर खर्च केलं. डॉक्टरला हसू आवरेना. मेहुणा घाम पुसत आत आला आणि कीबोर्ड ठेवता ठेवता पुटपुटला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगण वाकडंच आहे!" लिफ्टमन कडाडला. "ह्या गोदामाचं वायरिंग बघितलंयस का? कुणा गाढवाने केलंय हे?"

"माझ्या वडिलांनी," ड्रमवाला म्हणाला.

ह्यानंतर थोडा वेळ फक्त घूं बोलत होता. शेवटी डॉक्टरने स्वतः जाऊन अँपचं बटण बंद केलं.

"ग्रंथालयाचं सभागृह आहे ते," ती शांतपणे म्हणाली. शांत झाली की ती जास्त भीती घालायची. पेशंटही हेच सांगत. "तिथे कुणी पान उलटलं तरी ऐकू येतं. पुढच्या शनिवारी शेवटची तालीम. बोर्ड शांत असेल तर तुझी चाल तू वाजव. नसेल तर गिटार सरळ अँपमध्ये लावायची, आठही डबे घरी, आणि चाल हा कीबोर्डवर वाजवेल."

"ती कीबोर्डची चाल नाहीये."

"पत्रिकेत छापलीय. कुणीतरी वाजवायलाच हवी."

लिफ्टमन मेहुण्याकडे बघू लागला. मेहुणा ह्या वेळी हसत नव्हता, पण लिफ्टमनला तो हसतोय असंच दिसलं.

*

घरी बातमी त्याच्या आधी पोचली होती. बायको शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"माझ्या भावाला रस्त्यावर उभं केलंत म्हणे."

"तो स्वतः गेला."

"कीबोर्ड काखेत मारून! येणारेजाणारे बघत होते. आधी माझं मशीन झालं. मग फ्रिज झाला. मग वरचे काका झाले. आता माझा भाऊ. सारखं कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं. आता यादीत फक्त माझी आई राहिलीय."

ह्यातलं अक्षर अन् अक्षर खरं होतं. शिलाई मशीनच्या मोटरवर त्याचा पहिला संशय. म्हणून संध्याकाळी सहा ते आठ तिला मशीन बंद, आणि गणवेश आहेत तसे पडून. मग फ्रिज, तो एक अख्खा दिवस बंद ठेवला, दूध नासलं, घूं ताजातवाना. मग ट्यूबलाइटी. मग वरच्या मजल्यावरच्या काकांचा पंखा. हा वर गेला, त्यांनी बिचाऱ्यांनी ऐन उकाड्यात पंखा बंद केला, खाली घूं तसाच, आणि तेव्हापासून काका जिन्यात भेटले की छताकडे बघतात.

बोर्डाबाहेरचं झालं तसं बोर्डाच्या आतलंही झालं होतं. पेडलांमधल्या सातही छोट्या वायरी त्याने सोल्डरने नव्याने झाळल्या होत्या. विजेचा पुरवठा बदलला होता. एकेक पेडल बोर्डावरून उतरवून, टेबलावर एकटा ठेवून तपासला होता. एकटा असला की प्रत्येक पेडल गायीसारखा गरीब. बोर्डावर परत बसवला की घूं. हा काय प्रकार आहे ते त्याला कळेना आणि त्याचं डोकं फिरायची वेळ आली होती.

आणि बोर्ड तरी कसा! आधी आठही पेडल जुन्या कपाटाच्या एका फळीवर चिकटपट्टीने बसवलेले असत, वायरींचा गुंता लोंबत असे. त्याच्यासारख्या माणसाला ते बघवत नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी त्याने स्वतःच्या हाताने अ‍ॅल्युमिनियमची चौकट केली. प्रत्येक पेडल रबरी वॉशर घालून बोल्टने पक्का, वायरी एका रेषेत बांधलेल्या, प्रत्येकीवर नंबराची पट्टी. आणि प्रत्येक पेडलाच्या धातूच्या डब्यापासून एक हिरवी वायर चौकटीला, चौकटीपासून एक जाड हिरवी वायर थेट प्लगच्या अर्थिंगच्या पिनेला. लिफ्टच्या कामात धातू दिसला की त्याला आधी अर्थिंग द्यायचं. हे त्याच्या हाडीमांसी खिळलं होतं. कंपनीचा मोठा इंजिनीअर आला असता तरी त्याने बोर्ड उलटा करून शाबासकी दिली असती. त्यामुळे बोर्डावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. तो त्याने स्वतः केला होता.

तो आठवडा वाईट गेला. रोज संध्याकाळी सहाला बोर्ड उलटा, आठला सुलटा, घूं जागच्या जागी. मंगळवारी झाळायच्या सळईच्या गरम टोकाने डाव्या हाताचं बोट पोळलं. बुधवारी त्याने वायरींची दिशा बदलली, गुरुवारी परत होती तशी केली. गुरुवारीच मेहुण्याचा फोन आला.

"भावोजी, रागावू नका हं. डॉक्टर म्हणाल्या, तयार ठेव. म्हणून तुमची चाल बसवतोय. दोन ओळी झाल्या."

"शनिवार यायचाय अजून."

"यायचाय ना. नाही वाजवावी लागली तर आनंदच आहे. पण भावोजी, चांगली केलीय हो चाल. बसवायला घेतल्यावर कळलं."

कौतुकाने माणूस खूश होतो म्हणतात. लिफ्टमनला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आपली चाल, आपली चार मिनिटं, आणि ती कोण वाजवणार तर अ‍ॅडॉप्टरवाला! त्याने फोन ठेवला आणि बोर्डाला एक लाथ घातली. बोर्ड हलला नाही. बोल्ट त्यानेच आवळले होते.

*

शुक्रवारी सकाळी एका सहा मजली ऑफिसातून बोलावणं आलं. लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली होती. दार बंद व्हायला जायचं, चार बोटं उरली की परत उघडायचं. चौथ्या मजल्यावरची माणसं फायली घेऊन उभी होती आणि प्रत्येक जण येऊन बटण दाबून जात होता, जणू आपल्या बोटाचं ती ऐकेल.

इथे मात्र लिफ्टमन वेगळा माणूस असायचा. आवाज नाही, चिडचिड नाही. तो आधी कशालाही हात लावत नसे. आधी प्रश्न. काल चालणारं यंत्र आज आपोआप रुसत नाही; मध्ये कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. बावीस वर्षांत त्याने कितीतरी नव्या लोकांना हे शिकवलं होतं, की पान्हा काढायच्या आधी विचारायचं, शेवटचा हात कुणाचा लागला?

"शेवटचा हात कुणाचा लागला हिला?" त्याने वॉचमनला विचारलं.

वॉचमनने वही काढली, बोटाला थुंकी लावून पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. "तुमचाच, साहेब. मागच्या आठवड्यात. दाराची खालची पट्टी बदलून गेलात. ही सही तुमचीच ना?"

सही त्याचीच होती. तो खाली वाकला. पट्टीचा स्क्रू त्याने जरा जास्तच आवळला होता. दार तिथे घासायचं आणि काहीतरी अडकलंय असं समजून परत उघडायचं. अर्धा वेढा सैल केला, काम झालं. वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फायलीवाले आत शिरले आणि एक जण म्हणाला, "काय हो, तुम्हीच बिघडवायची आणि तुम्हीच दुरुस्त करायची?"

लिफ्टमनने ऐकलं नाही. तो चौथ्या मजल्यावर हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन तसाच उभा होता. जुन्या फळीवर घूं नव्हता. नव्या बोर्डावर घूं आला. मध्ये शेवटचा हात कुणाचा?

तीन महिने त्याने फ्रिजला विचारलं, काकांना विचारलं, मेहुण्याला रस्त्यावर काढलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्याने दुसऱ्यांना शंभर वेळा ऐकवली असेल.

घरी आल्यावर त्याने बूटही काढले नाहीत. बोर्ड उलटा केला, अँप चालू केला आणि घूं बोलत असतानाच पकडीने पहिल्या पेडलाची हिरवी वायर तोडली. घूं तसाच. दुसरी, तिसरी. चौथीला तो थोडा बारीक झाला. सातवीला अगदी लांब गेल्यासारखा वाटला. आठवी तोडली आणि अँप बंदच पडला असं वाटलं. त्याने घाबरून गिटारची एक तार छेडली. सूर स्वच्छ आला, रेंगाळला, विरला. त्याच्यामागे काहीही नव्हतं.

गोष्ट इतकी साधी होती की त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. गिटारच्या वायरीतूनच प्रत्येक पेडल अँपला जोडलेला असतो आणि अँपला त्याचं स्वतःचं अर्थिंग असतं. त्याला दुसऱ्या अर्थिंगची गरजच नसते. ह्याने ते दिलं. दोन वाटा मिळून एक वेटोळं झालं, आणि भिंतीतली वीज त्या वेटोळ्यात घूं करत फिरत बसली. गिटार वाजवणारा दुसरा कुठलाही माणूस हे करणार नाही, कारण इतकं नीटनेटकं काम करायचा त्याला कंटाळा येईल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बायको मशीनवरून उठून दारात आली. "काय झालं? बंद पडलं?"

"चालू आहे."

"ऐकू तर काही येत नाहीये."

"तेच तर!" तो ओरडला आणि बऱ्याच दिवसांनी हसला.

तिलाही हसू आलं, पण तिने ते लगेच आवरलं. "मग आता माझ्या भावाला फोन करा."

"उद्या भेटणारच आहे."

"आत्ता."

त्याने फोन लावला. "अरे, तुझ्या अ‍ॅडॉप्टरचा दोष नव्हता."

"बरं," मेहुणा म्हणाला. "मग कशाचा होता?"

"अर्थिंगचा."

"अर्थिंग कुणी केलं होतं, भावोजी?"

लिफ्टमनने बायकोकडे बघितलं. ती हलली नाही. "मी," तो म्हणाला. पलीकडून एक हसू फुटलं आणि मध्येच दबलं. मेहुणा तोंडावर हात दाबून बसला असावा.

त्या संध्याकाळी लिफ्टमनने तोडलेल्या वायरींची टोकं काढून टाकली, मोकळी झालेली भोकं बुजवली, पेडल पुसले, नंबराच्या सुटलेल्या पट्ट्या पुन्हा चिकटवल्या. मधूनच एखादी तार छेडायचा आणि ती विरेपर्यंत कान देऊन बसायचा. तीन महिन्यांत इतकं सुख त्याला झालं नव्हतं. बायकोने मशीन सहानंतरही चालू ठेवलं आणि त्याने चकार शब्द काढला नाही. वाजवायचं काय, ते उद्या होतंच.

*

शनिवारी त्याने गोदामात बोर्ड मांडला, वायरी खोचल्या आणि हात बांधून उभा राहिला.

"चालू कर ना," डॉक्टर म्हणाली.

"चालूच आहे."

ड्रमवाला उठला, त्याने स्पीकरला कान लावला, डॉक्टरकडे बघून मान हलवली. डॉक्टरने टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने कमरेत वाकून नमस्कार केला. "आता अंगण सरळ झालं," लिफ्टमन म्हणाला, आणि ह्यावर सगळेच हसले, मेहुणासुद्धा. सगळं कसं छान चाललं होतं.

"मग चालीपासूनच सुरुवात करू," डॉक्टर म्हणाली. "तीन महिने ऐकली नाहीये." तिघंही गाद्यांवर जाऊन बसली.

लिफ्टमनने आठवा पेडल दाबला आणि पहिली ओळ सुरू केली. सुरुवात बरी झाली. ओळीच्या मध्यावर करंगळी लांब टाकून एक सूर पकडायचा होता. करंगळी उशिरा पोचली आणि जिथे सूर यायचा तिथे तार नुसतीच टक करून मेली. त्याने ओळ पुरी केली, पेडल दाबला. पेडलाने ओळ परत वाजवली, पहिल्यापासून, इमानदारीने. मध्यावर टक. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा टक. मागे आवाज म्हणून नव्हता, त्यामुळे तो टक दुकानातल्या गिऱ्हाइकालाही ऐकू गेला असेल.

"पुन्हा घेतो," तो म्हणाला.

दुसऱ्या वेळी करंगळी सांभाळली, तर त्या नादात पाय उशिरा पडला. ओळ अर्ध्या मात्रेने लांबली आणि पेडल ती लंगडी ओळ फिरवू लागला. तिच्यावर दुसरी ओळ बसेना. त्याने थांबवली. तिसऱ्या वेळी तो ओळीच्या वळणावर आला आणि पुढचं त्याला आठवलंच नाही. बोटं तारांवर होती, पण कुठे जायचं ते त्यांना माहीत नव्हतं. शिवाय ती दुखत होती. त्याने डावा हात उलटा करून बघितला. तारा दाबून दाबून बोटांच्या टोकांना जे घट्टे पडलेले असत ते गेले होते. पोळल्याची खूण सोडली तर बोटं मऊ होती, एखाद्या कारकुनाची असावीत तशी. बँडच्या गाण्यांतलं सोपं वाजवायला ती पुरत होती, चालीला पुरत नव्हती.

मेहुणा जमिनीकडे बघत होता.

"पेडलात काही झालंय का?" डॉक्टरने विचारलं. इतक्या हळू आवाजात ती पेशंटशी बोलत असावी. "वायर वगैरे? बघ हवं तर. आम्ही थांबतो दहा मिनिटं."

लिफ्टमन गुडघे टेकून बोर्डासमोर बसलासुद्धा. सवयच झाली होती. त्याने आठव्या पेडलावर हात ठेवला. हो म्हणणं फार सोपं होतं. आतली जोडणी सैल झालीय म्हणावं, काल वायरी तोडताना काहीतरी दुखावलं म्हणावं. कुणी खोटं पाडलं नसतं, डॉक्टर तर मुद्दामच वाट करून देत होती. पण पेडल त्याच्या हाताखाली मुकाट्याने उभा होता आणि त्याने दिलं तेवढंच परत देत होता. तीन महिन्यांत तो रोज दोन तास ह्या बोर्डासमोर बसला होता आणि चाल त्याने एकदाही वाजवली नव्हती. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त, स्वतःचाच संताप आला.

"पेडल ठीक आहे," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे. माझाच हात गेलाय."

"उद्या चारला आहे," डॉक्टर म्हणाली.

"माहितीय." तो उठला, गुडघे झटकले. मेहुण्याकडे बघणं त्याला जड गेलं, पण त्याने बघितलं. "तुझी किती बसलीय?"

"बसलीय तशी," मेहुणा चाचरत म्हणाला. "पण भावोजी, आज रात्रभर तुम्ही..."

"एका रात्रीत घट्टे येत नाहीत. वाजव."

मेहुणा कीबोर्डपाशी गेला आणि त्याने चाल वाजवली. साध्या पियानोच्या आवाजात, एकही पेडल नसताना. लिफ्टमन गाद्यांच्या थप्पीला टेकून ऐकत होता. चूक सापडावी म्हणून तो प्राण कानात आणून ऐकत होता. एक तरी सूर घसरावा, एक तरी जागा चुकावी. काही चुकलं नाही. दुसऱ्या ओळीनंतर त्याने शोधणं सोडून दिलं. चाल चांगली होती. ती इतकी चांगली आहे हे तो विसरूनच गेला होता, आणि ते दुसऱ्याच्या हातून आठवावं ह्याचं त्याला फार वाईट वाटलं.

वाजवून झाल्यावर मेहुणा हसला नाही. "बरोबर आहे का?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे," लिफ्टमन म्हणाला. "उद्या अशीच वाजव."

मग त्याने गिटारची वायर बोर्डातून काढली आणि सरळ अँपमध्ये खोचली, कारण पुढच्या गाण्याची सुरुवात गिटारने होती आणि सगळे त्याच्यासाठी थांबले होते.